करवत जरा सरकवा

बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये पहिल्या महिन्यात मी एकदाच कुणाला तरी प्रश्न विचारला, आणि मग विचारणं सोडून दिलं.

लेथवर काम करणाऱ्या एका माणसापुढे लोखंडाचं एक ओतीव कास्टिंग पडलं होतं. माझ्या हातात त्याचं जुनं ड्रॉइंग होतं. आतली पोकळी कुठपर्यंत गेली आहे ते मला कळत नव्हतं. मी बोट दाखवून म्हटलं, "याच्या आत काय आहे?"

त्याने लेथ बंद केला. कास्टिंगकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत? आत बी लोखंडच हाय, म्याडम. खवा न्हाय भरल्याला."

शेजारच्या तिघांनी माना खाली घालून हसून घेतलं. त्यात वाईट काही नव्हतं. तो माणूस लगेच मला सांगायलाही लागला की भोक कुठून कुठे जातं. पण माझे कान इतके तापले होते की एक शब्द आत गेला नाही. "ओके, थँक्यू," म्हणून मी जिना चढून वर गेले.

मी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि रोज तिथूनच एसटीने बारामतीला यायचे. वडील कारखान्यात नोकरीला, शाळा कॉलनीतली इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, वर्गात इंग्रजी. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तोही इंग्रजीत. त्यामुळे यंत्रांच्या भागांची नावं मला इंग्रजीत यायची, पण ते भाग हाताळणाऱ्या माणसांशी त्याबद्दल बोलायचं कसं, हे कुठल्याच भाषेत येत नव्हतं. शिवाय कमी बोलायची सवय जुनी होती. नवा माणूस भेटला की दुसरा किंवा तिसरा प्रश्न आडनावाचा असतो, हे मला लहानपणीच कळलं होतं. जी मुलगी पहिल्या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देते, तिला सहसा तिसरा प्रश्न विचारत नाहीत.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. मालकांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवता येतो म्हणून मला ठेवलं होतं. आधीचे ड्राफ्ट्समन काका निवृत्त झाले होते. त्यांचा ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि त्यांची ट्रेसिंग्ज खालच्या खणात. कॉम्प्युटरची खोली वर, माळ्यावर. अख्ख्या शेडमध्ये एसी फक्त तिथे. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. कामगार त्या खोलीला गाभारा म्हणत आणि सहसा वर येत नसत. मला ते बरंच होतं.

आम्ही गुऱ्हाळाचे चरक बनवायचो. ऊस पिळायचे लोखंडी रूळ, त्यांचे गिअर, त्यांचे स्टँड. काकांची ड्रॉइंग्ज बघून एकेक भाग कॉम्प्युटरवर मॉडेल करून ठेवायचा, हे माझं काम. मॉडेल म्हणजे पडद्यावरची भरीव वस्तू, जी फिरवून सगळीकडून बघता येते. एका दुपारी मी पहिल्यांदा एका गिअरबॉक्सचा सेक्शन घेतला. कुठून कापायचं ती पातळी दाखवली आणि कळ दाबली. कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुरला. मग अर्धी वस्तू नाहीशी झाली आणि उरलेल्या अर्ध्याच्या आतलं सगळं समोर आलं. भोक कुठे संपतं, भिंत कुठे पातळ होते, तेल कुठे साठेल.

मी खुर्चीत मागे टेकून बघत राहिले. खाली जायला नको, विचारायला नको, कुणी हसायला नको. महिनाभर छातीवर काहीतरी ठेवलं होतं ते कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतर दिसेल ते मी कापून बघायला लागले. उभं, आडवं, तिरपं. एखाद्या भागाचं काम नसलं तरी त्याचा सेक्शन घ्यायचे.

दसऱ्याच्या आधी एका नव्या चरकाचं काम आलं. त्यातल्या बेअरिंगच्या स्टँडचं ड्रॉइंग मी पहिल्यांदाच एकटीने केलं. वस्तू साधी होती. खाली लोखंडी ताट, त्याच्या मधोमध उभी जाड नळी, आणि नळीला आधार म्हणून चार बाजूंनी चार तिरप्या पट्ट्या. बोटाएवढ्या जाडीच्या. त्यांना रिब म्हणतात. दोन रिबांच्या मध्ये मोकळी जागा.

मी बरोबर मधून सेक्शन घेतला. कापायची पातळी दोन समोरासमोरच्या रिबांच्या जाडीतून उभी गेली. जो भाग कापला जातो त्यावर ड्रॉइंगमध्ये बारीक तिरप्या रेषा मारतात, त्याला हॅच म्हणतात. काका त्या हाताने मारायचे. कॉम्प्युटरने क्षणात मारून दिल्या. ताटात, नळीत आणि दोन्ही रिबांत. ताटाच्या कडेपासून नळीच्या डोक्यापर्यंत सगळा उतार एकसारखा भरून निघाला. कागदावर ते फार देखणं दिसत होतं.

वरून दिसणारं चित्र मी काढलंच नाही. प्लॉटरला एकेक चित्र उमटवायला वेळ लागायचा, पेनातली शाई मध्येच वाळायची, हे खरं. पण माझं कारण वेगळं होतं. मला वाटत होतं, सेक्शनमध्ये सगळं आलं. मापं होती, गोल असल्याच्या खुणा होत्या. रिबांचं म्हणाल तर कोपऱ्यात मी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं, चार रिब, समान अंतरावर, जाडी इतकी. मालकांनी कागद हातात धरला आणि म्हणाले, "वा, मॅडम. छापल्यासारखं आलंय." कागद कळसला गेला.

कळस गावात आमचे पॅटर्न करणारे एक सुतार होते. पॅटर्न म्हणजे हव्या त्या वस्तूचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात लोखंड ओततात. पॅटर्न चुकला की पुढचं सगळं चुकतं. त्यांना सगळे तात्या म्हणत. वय साठीच्या पुढे, शेडचं पहिलं काम त्यांच्याच हातचं.

त्या शनिवारी अर्धा दिवस होता. मालक म्हणाले, "तुमच्या वाटेवरच आहे. कळसला उतरून पॅटर्न बघून या. सोमवारी फाउंड्रीला द्यायचाय." वाटेवर नव्हतं, चांगलीच वाकडी वाट होती. मी "ओके, सर," म्हटलं.

तात्यांचं घर रानात होतं. मुलं ढोबळी मिरची आणि टोमॅटो करायची. पाटाच्या कडेला पत्र्याची शेड, आत लाकडाचा लेथ, सरसाचा वास, पायाखाली मऊ भुसा. माझं ड्रॉइंग भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकलेलं होतं. तात्यांनी चष्म्याची दोरी मानेमागे सारखी केली आणि पॅटर्नवरचं पोतं ओढलं.

खाली ताट, वर नळीचं तोंड, आणि मध्ये चारी बाजूंनी सारखा उतरत आलेला भरीव सागवान. गुळाची ढेप उपडी ठेवावी तसा. त्यात एकही रिब नव्हती, कुठेही मोकळी जागा नव्हती.

"कसं झालंय?" तात्या म्हणाले. "निस्ती ढेप हाय बग. मी म्हणलं, येवडं भरीव कशापायी? धाकट्याला म्हणलं, साहेबास्नी फोन लाव. मंग म्हणलं, नगं. कांपुटरनं काडलंय. त्येला आपल्यापरास जास्तीच कळत आसंल का न्हाय?"

मी भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे बघितलं. आता तो मला त्यांच्या डोळ्यांनी दिसला. सगळा उतार हॅचने भरलेला. भरलेला म्हणजे भरीव. दुसरं कुणी काय समजेल? आणि कोपऱ्यातली ती कॅपिटल अक्षरं. तात्या रेषा वाचायचे, आकडे वाचायचे. इंग्रजी वाचत नसत.

"छान झालंय," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला तेव्हाही माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य "माझं चुकलं" हे असायला हवं होतं, आणि ते मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत अडकलं होतं. तात्यांनी ताटाच्या कडेवर बोट फिरवलं, थांबले, आणि कागदाएवढ्या जाडीची एक फट नखाने दाखवून म्हणाले, "ही तेवडी मेणानं भरतो." मला ती फट वाकून बघितल्यावर दिसली.

त्यांच्या सुनेने चहा आणला. निघताना पिशवीभर ढोबळी मिरची हातात दिली. "घिऊन जावा ताई, न्हाय म्हणू नगा." मी वडापची जीप धरून घरी आले.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर आईने त्याच मिरच्यांची पीठ पेरून भाजी केली. मला घास उतरेना. "काय झालं?" आई म्हणाली. "काही नाही." मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची वही काढली. तिथे सरांनी लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं होतं की रिब लांबीच्या बाजूने कापली गेली तरी तिच्यात हॅच मारायचा नाही. मारला तर ती भरीव समजली जाते. हे मला येत होतं. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं. कॉम्प्युटरला ते माहीत नव्हतं आणि त्याच्यावर नजर ठेवायला मी बसले होते.

मग मी माझ्याजवळची ड्रॉइंगची प्रत उघडली आणि कोपऱ्यातली टीप पुन्हा वाचली. चार रिब. स्पष्ट लिहिलेलं. कुणी विचारलं तर दाखवता येईल. मला खरंच हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच किळस आली. सोमवारी गेल्या गेल्या मालकांना सांगायचं असं ठरवून मी झोपले.

सोमवारी माझी एसटी उशिरा पोचली. तोवर तात्या पॅटर्न घेऊन जीपने आले होते. पॅटर्न खालच्या टेबलावर होता, शेजारी माझं ड्रॉइंग, आणि मालक कोपऱ्यातल्या टिपेवर बोट आपटत होते.

"हे काय लिहिलंय? फोर रिब्ज! चार रिबा! कुठायत? दुपारी फाउंड्रीची गाडी येणार आणि तुम्ही मला ढेप आणून देताय?"

तात्या चष्मा पुसत होते.

"हा असा ओतला असता तर वजन किती झालं असतं? आतून आकसून तडकला असता. इतकी वर्षं काम करताय, तात्या."

"चुकलं, साहेब."

"डोळे गेलेत तुमचे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुढचं काम पुण्याला देतो मी आता. तुम्ही मिरच्या बघा."

लेथवाले थांबले होते. तात्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "व्हय, साहेब," ते म्हणाले. "दिसत न्हाय आताशा."

मला त्या फटीची आठवण झाली. कागदाएवढी फट. या माणसाचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. इंग्रजी येत नाही हे चारचौघांत सांगण्यापेक्षा तात्या डोळे गेले म्हणायला तयार होते. तसं म्हटलं की काम जाणार होतं, तरीही. आणि मी तिथेच गप्प उभी राहिले असते तर सगळ्यांना ते पटलंही असतं.

"सर, त्यांचं नाही चुकलं," मी म्हणाले.

आवाज फार बारीक आला. मालकांनी वळून बघितलं. "काय?"

"ड्रॉइंग चुकलंय. माझं. रिबमध्ये हॅच नसतो मारायचा. मला शिकवलं होतं. मी तसाच ठेवला. आणि वरून दिसणारं चित्रच काढलं नाही."

"पण टीप आहे ना?"

"टीप इंग्रजीत आहे, सर." मी तात्यांकडे बघितलं नाही. "आणि सुतारकामाचं ड्रॉइंग टीप वाचून कळायला लागत असेल तर ते ड्रॉइंग चांगलं नाही. काकांच्या एकाही ट्रेसिंगमध्ये अशी टीप नाही. मी बघितलीयत सगळी." मग पुढचं आपोआप बाहेर आलं. "आणि शनिवारी मला तिथे दिसलं होतं. मी बोलले नाही."

हे म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. पण म्हटल्यावर कानांचं तापणं एकदम थांबलं. डोकं स्वच्छ झालं होतं.

मालक काही बोलायच्या आत तात्याच म्हणाले, "बरं, मंग हाय कसं ते तर दाव."

आम्ही तिघं वर गेलो. तात्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, धोतर झटकलं, आणि एसीच्या गार वाऱ्यात डोक्यावरची टोपी घट्ट केली. मी मॉडेल उघडलं आणि फिरवलं. चार रिबा, चार मोकळ्या जागा. मग मी ड्रॉइंगमधलाच सेक्शन घेतला. बरोबर मधून. उतार भरून आला.

"ही माजी ढेप," तात्या म्हणाले.

"हो."

ते पडद्याकडे वाकले. "करवत जरा सरकवा की."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. कापायची पातळी मी थोडी बाजूला नेली. रिबेच्या जाडीच्या बाहेर. कॉम्प्युटर कुरकुरला. आम्ही तिघं वाट बघत उभे. पडदा पुन्हा भरला तेव्हा उतारावरचा हॅच गेला होता. कापलेले फक्त ताट आणि नळी, आणि मागे दूर एक बारीक उभी पट्टी, न कापलेली.

"आरं तिच्या!" तात्या म्हणाले. "गेली की."

"आहे. मागे आहे."

"आनखी सरकवा."

मी सरकवली. पुढे, मागे, मग आडवी. आडवा काप घेतल्यावर नळीचा गोल आणि त्याला चिकटलेल्या बोटाएवढ्या जाडीच्या चार पट्ट्या दिसल्या. तात्यांनी पडद्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"ह्यो येक काप दिला आसता तर काम झालं हुतं, बाय. उबा कशाला दिलास? शोभेला?"

"हो," मी म्हणाले. खरंच शोभेला दिला होता.

मालक हसले. तेवढ्याने खोलीतली हवा बदलली. "आता किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"लाकूड वाया न्हाय जायाचं. लेथवर चडवतो, उतार उतरवतो. मदली नळी हाय तशी ऱ्हाती. रिबा येगळ्या करून बसवतो. दोन दिस."

"दोन म्हणजे दोनच, तात्या. आणि मॅडम, तुम्ही टीप मराठीत लिहा इथून पुढे." पुण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फाउंड्रीच्या गाडीला फोन करायला ते खाली गेले.

तात्या चपला घालताना दाराची चौकट धरून उभे होते. मी म्हणाले, "सॉरी, तात्या."

"शनवारी छान झालंय म्हनालीस, तवाच मला कळलं हुतं."

"काय?"

"कायतरी चुकलंय म्हनून. चांगलं काम बगून कुनी येवडं घाबरं हुतं व्हय? निस्ता च्या बी संपवला न्हाईस." ते जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "बुदवारी ये. रिबा बसवून ठिवतो. नीट बग, आन आसंल ते बोल."

त्या संध्याकाळी एसटीत मला खिडकी मिळाली. घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं, जेवताना, तोंडात घास असताना. वडील मध्येच म्हणाले, "अगं, गिळ आधी."

कॉम्प्युटरमध्ये मराठी अक्षरं नव्हती. म्हणून नवीन ड्रॉइंगवर मी टीप पेनाने लिहिली, माझ्या त्या कॉन्व्हेंटी अक्षरात, आणि रिबांमधला हॅच एकेक रेष निवडून पुसला. वरचं चित्र काढलं, आडवा कापही दिला. प्लॉटरने अर्धी दुपार घेतली.

बुधवारी मी कळसला उतरले. तात्यांनी पोतं ओढलं. ढेपेतून नळी मोकळी झाली होती आणि चार रिबा चार दिशांना पाय रोवून उभ्या होत्या. मी खाली वाकून बघितलं, एका डोळ्याने, दुसऱ्या डोळ्याने. भोवती फिरले. मग धीर करून एका रिबेवर बोट ठेवलं.

"ही जराशी तिरकी वाटतेय."

तात्यांनी काटकोन तपासायचा गुण्या घेतला, ताटावर ठेवून रिबेला लावला. दोन्ही बाजूंनी लावला. मग गुण्या माझ्या हातात दिला. मी लावून बघितलं. फट नव्हती.

"सरळ हाय," ते म्हणाले. "पर बोललीस, ब्येस केलंस."

शेडच्या दारात त्यांची सून चहाचे कप घेऊन उभी होती. मला इतकं हसू आलं की कप घेताना तो हिंदकळला आणि थोडा चहा भुशात सांडला. उरलेला मी सगळा प्यायले.